झडप अरुंद झाली असेल तर टूडी इको: चाचणी उत्तम, पण रिपोर्टमधले आकडे तपासून घ्या

महाधमनीच्या तोंडाशी असलेली झडप किती अरुंद झाली आहे, हे कळायला टूडी इको, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीइतकी सोयीची चाचणी दुसरी नाही. सुई नाही, क्ष-किरण नाहीत, उपाशी राहायचं नाही. मात्र सगळी भिस्त करणाऱ्याच्या हातावर. त्यामुळे नुसत्या 'सिव्हिअर एएस' (ही झडप तीव्र अरुंद) एवढ्या शेऱ्यावर समाधान मानू नका.

रक्ताचा कमाल वेग, सरासरी ग्रेडियंट (झडपेच्या दोन बाजूंच्या दाबांतला फरक) आणि झडपेच्या उघडणाऱ्या तोंडाचं क्षेत्रफळ हे तिन्ही आकडे रिपोर्टमध्ये हवेतच. सेकंदाला 4 मीटर, 40 मिमी पारा किंवा त्याहून जास्त, आणि 1 चौरस सेंटिमीटर किंवा त्याहून कमी, म्हणजे आजार तीव्र.

सर्वांत जास्त गोची होते ती क्षेत्रफळात. झडपेच्या अलीकडच्या वाटेचा व्यास मोजून त्याचा वर्ग करतात. 20 मिमीऐवजी 18 मोजला गेला की 1.1 चे थेट 0.9 होतात आणि मध्यम आजार कागदावर तीव्र ठरतो! वेगाचं उलट आहे. डॉप्लरचा, म्हणजे रक्ताचा वेग मोजणाऱ्या ध्वनिलहरींचा, किरण प्रवाहाच्या रेषेत नसेल तर वेग कमी दिसतो आणि तीव्र आजार निसटतो. म्हणून डाव्या कुशीवरून बघून थांबलेला इको अपुराच. उजव्या कुशीवर वळवून, छातीच्या हाडाच्या उजवीकडूनही, छोट्या पेन्सिल प्रोबने (छातीवर टेकवायच्या पेनासारख्या साधनाने) बघायला हवं.

हृदयाचं पंपिंग मंदावलं असेल तर क्षेत्रफळ 1 च्या खाली, पण ग्रेडियंट 40 च्या आत, असा घोळ होतो. तेव्हा डोब्युटामिन हे हृदयाचं पंपिंग वाढवणारं औषध देऊन इको, किंवा सीटीवर झडपेतलं कॅल्शियम मोजतात: पुरुषांत 2000, स्त्रियांत 1200 च्या पुढे आकडा गेला तर आजार तीव्र असण्याची शक्यता दाट.

इकोत न दिसणारं डॉक्टरांना आपण सांगायचं: जिना चढताना लागणारा दम, छातीतलं दुखणं, आलेली भोवळ. तीव्र आजारात ही लक्षणं असताना ट्रेडमिल टेस्ट करू नये. हिमोग्लोबिन विनाकारण उतरत असेल तर तेही सांगा. अरुंद झडपेतून जोरात जाताना रक्त गोठायला मदत करणारं वॉन विलेब्रँड प्रथिन तुटतं आणि आतड्यातून रक्त झिरपू शकतं. झडप जन्मतः दोन पाकळ्यांची असेल तर महाधमनीचा व्यासही रिपोर्टमध्ये हवा, कारण ती फुगू शकते.

पुढचा इको तीव्र आजारात 6 ते 12 महिन्यांनी, मध्यमात 1-2 वर्षांनी, सौम्यात 3-5 वर्षांनी. शक्यतो त्याच ठिकाणी करा, जुना रिपोर्ट न्या आणि त्या वेळचं ब्लडप्रेशर लिहून घ्या. ते चढलेलं असेल तर आकडे फसवे येतात.