म्हाताऱ्या सशाच्या पायाखालचे अंथरूण : गुहागरच्या एका पावसाळ्यानंतरचा अनुभव

आमच्या घरी नऊ वर्षांचा पांढरा, लाल डोळ्यांचा, न्यूझीलंड व्हाइट जातीचा ससा आहे. त्याचे नाव कापश्या. त्याच्या मागच्या पायांतील ताकद कमी होऊ लागल्यावर आम्ही दोन वस्तू मागवल्या. पहिली म्हणजे दाट, उभ्या तंतूंचे, लोकरीसारखे दिसणारे पॉलिएस्टरचे अंथरूण, जे पशुवैद्यकीय दवाखान्यांत शस्त्रक्रिया झालेल्या प्राण्यांखाली घालतात. आणि दुसरी म्हणजे शरीराचा मागचा भाग उचलून धरणारी दोन चाकांची लहान गाडी. होळीच्या सुमारास या वस्तू घरात आल्या आणि मे महिन्याचा उकाडा व पुढचा संपूर्ण पावसाळा काढून आता दिवाळीही उलटली आहे. एवढ्या वापरानंतर मी ठामपणे सांगू शकते की किनाऱ्यावरच्या दमट हवेत राहणाऱ्या ज्यांच्या घरी असा ससा आहे, त्यांनी आधी त्याच्या पायाखालच्या अंथरुणावर खर्च करावा आणि गाडीचा विचार त्यानंतर करावा.

कापश्याचे दुखणे काय आहे, हे सांगितल्याशिवाय या मताला अर्थ येणार नाही. चिपळूणला काढलेल्या एक्स-रेमध्ये त्याच्या कंबरेच्या मणक्यांना जोडणारे हाडांचे पूल तयार झालेले दिसले. याला स्पॉन्डिलोसिस म्हणतात आणि उतारवयातील सशांमध्ये ते बऱ्याचदा आढळते. सशाचे मागचे पाय लटके पडण्याला एन्सेफॅलिटोझून क्युनिक्युली हा सूक्ष्म परजीवीही कारणीभूत असू शकतो, म्हणून डॉक्टरांनी फेनबेंडाझोल या जंतनाशक औषधाचा 28 दिवसांचा क्रम पूर्ण करून घेतला. ज्यांचा ससा अचानक पाय ओढू लागला असेल त्यांनी वयाला दोष देऊन स्वस्थ बसू नये. मणका मोडण्यापासून ते या परजीवीपर्यंत कारणे वेगवेगळी असतात आणि त्यांचे उपचारही वेगळे असतात. सशाचा सांगाडा त्याच्या एकूण वजनाच्या जेमतेम सात-आठ टक्के भरतो, तर मागच्या पायांचे स्नायू मात्र अतिशय बळकट असतात. त्यामुळे उचलताना ढुंगणाखाली हात नसेल आणि त्याने हवेत झटका मारला, तर त्या झटक्यानेच मणका मोडू शकतो. आमच्या घरी लहान मुलांनाही त्याला उचलण्याची पद्धत आधी शिकवली आणि मगच त्याला हात लावू दिला.

आता अंथरुणाविषयी. कुत्र्या-मांजरांच्या पंजाखाली जशी मऊ गादी असते, तशी सशाच्या पायाखाली नसते. तिथे असतात ते फक्त केस. धडधाकट ससा बसतो तेव्हा त्याचे वजन नखे आणि तळवा यांच्यावर विभागले जाते, परंतु मागच्या पायांतील ताकद गेली की सगळा भार टाचेकडच्या भागावर येतो. तेथील केस झडतात, कातडी लाल होते, पुढे जखम होते आणि ती हाडापर्यंतही जाऊ शकते. कापश्याचे वजन चार किलोच्या वर होते, म्हणजे भार काही थोडा नव्हता.

कोकणातल्या घरात अशा जनावराला ठेवायचे कोठे, हा खरोखरच अवघड प्रश्न आहे. लादी गुळगुळीत असल्याने पाय फाकतात, आणि एकदा पाय फाकले की असा ससा स्वतःहून सावरत नाही. कोबा खरखरीत असतो. शेणाने सारवलेली पडवी पायाला सर्वांत चांगली, पण मूत्राने ती उखणते आणि पावसात तिचा ओलावा वरपर्यंत येतो. काथ्याचे पायपुसणे घसरत नाही हे खरे, परंतु त्याचे टोकदार तंतू केस झडलेल्या तळव्याला टोचतात. सासूबाईंनी जुन्या लुगड्यांची गोधडी काढून दिली होती; ती ऊबदार आणि मऊ होती, पण सुती कापड मूत्र शोषून धरते आणि मग जनावर तासन्‌तास त्याच ओलीवर बसून राहते. आषाढात ती गोधडी वाळवायची कोठे, हा प्रश्न त्याहून मोठा.

हे कृत्रिम अंथरूण नेमके याच ठिकाणी कामाला येते. त्याचे तंतू स्वतः पाणी शोषत नाहीत; मूत्र त्यांच्यामधून खाली उतरते आणि वरचा थर कोरडा राहतो. अर्थात खाली उतरलेले मूत्र टिपून घेणारे काही तरी तळाला असावेच लागते. आम्ही आधी वर्तमानपत्रांची घडी घालत होतो, पण दमट हवेत कागदाला लवकर वास येतो. त्यापेक्षा औषधांच्या दुकानात रुग्णांसाठी मिळणारे अंडरपॅड बरे पडले. ते पुरते झाकलेले असावे, कारण सशाने कुरतडले तर आतला फुगणारा पदार्थ त्याच्या पोटात जाईल. मी रोज पहाटे अंथरुणावर हाताचा उलटा पंजा दाबून पाहते. श्रावणात, जेव्हा घरातली मिठाची बरणीसुद्धा पाझरते, तेव्हाही वरचा थर बहुतेक सकाळी हाताला कोरडा लागला. दाराबाहेर सतत पाऊस कोसळत असताना हे साधणारे दुसरे कोणतेही अंथरूण मला मिळालेले नाही.

या कापडाचे दोन प्रकार मिळतात. एकाच्या पाठीला घसरू नये म्हणून रबराचा थर असतो, दुसऱ्याची पाठ साधी विणलेली असते. आम्ही दोन्ही वापरले. रबरी पाठीचा तुकडा उन्हाळ्यात उत्तम वाटला, कारण तो लादीवर जागचा हलत नव्हता. परंतु पावसाळ्यात त्याची पाठ वाळायला फार वेळ लागू लागला आणि भाद्रपदापर्यंत कडेला काळे ठिपके धरले. साध्या पाठीचा तुकडा मात्र यंत्रात पिळल्यावर निम्म्याहून अधिक कोरडा होऊनच बाहेर येतो आणि पडवीतल्या दांडीवर पंख्याखाली रात्रीतून वाळतो. तो घसरू नये म्हणून त्याच्याखाली गालिच्याखाली घालतात ती रबरी जाळी अंथरावी. देशावरच्या कोरड्या हवेत रबरी पाठ चालेलही, पण किनाऱ्यावर मी साध्या पाठीचाच प्रकार सुचवेन, आणि तुकडे किमान तीन असावेत : एक अंगाखाली, एक धुण्यात, एक दांडीवर. धुताना कपडे मऊ करणारे द्रव्य घालू नये. त्याने तंतूंवर थर बसतो आणि मूत्र नीट खाली उतरत नाही.

दोषही सांगायला हवेत. केस झडण्याच्या दिवसांत पांढरे केस तंतूंमध्ये इतके गुंततात की यंत्रात टाकण्यापूर्वी ब्रशने तुकडा विंचरावा लागतो. कापलेल्या कडा ससे कुरतडतात आणि पॉलिएस्टरचे धागे आतड्यात अडकणे ही सशाच्या बाबतीत गंभीर गोष्ट आहे, म्हणून मी चारही कडा आत दुमडून शिवून घेतल्या. तसेच हे कापड गरम असते. सशाला घाम येत नाही, तो अंगातली उष्णता मुख्यतः कानांवाटे बाहेर टाकतो आणि पारा 28 अंशांच्या वर गेला की त्याला त्रास होऊ लागतो. आमच्याकडे मे महिन्यात दुपारी तो बत्तीस-तेहेतीसच्या खाली उतरत नाही आणि दमटपणा वेगळाच. यावर उपाय म्हणून अंथरुणाच्या शेजारी शहाबादी फरशीचा न घासलेला तुकडा ठेवला. दुपारी कापश्या पुढच्या पायांनी स्वतःला ओढत त्याच्यावर पोट टेकून पडतो आणि संध्याकाळी परत येतो.

पावसाळ्यातील खरी भीती मात्र माशीची आहे, आणि या विषयावर थोडे विस्ताराने लिहिणे मला आवश्यक वाटते. ससा रात्री-पहाटे मऊ विष्ठा थेट गुदद्वारापाशी तोंड नेऊन खातो. त्याच्या पचनाचा तो भागच आहे. पाठीचे मणके आखडलेल्या सशाला तेवढे वाकता येत नाही, मग ती विष्ठा शेपटीखाली चिकटून राहते. त्यात मूत्राने भिजलेले केस आणि पोळलेली कातडी. अशा जागी माशीने अंडी घातली तर 24 तासांच्या आत अळ्या बाहेर पडतात, त्या जिवंत कातडी खात आत शिरतात आणि एक-दोन दिवसांत ससा दगावू शकतो. म्हणून जून ते ऑक्टोबर सकाळ-संध्याकाळ त्याला मांडीवर टेकवून मागचा भाग उजेडात पाहणे हे आमच्या घरी देवपूजेइतके नेमाचे काम झाले आहे. पूर्ण आंघोळ कधीही घालत नाही, कारण भिजलेला ससा भेदरतो आणि गारठतो. कोमट पाण्यात बुडवलेल्या मऊ फडक्याने तेवढीच जागा पुसायची, दुसऱ्या फडक्याने कोरडी करायची आणि तिथले केस बारीक कापलेले ठेवायचे. दिवसभर त्याच्यावर तान्ह्या बाळांची छत्रीसारखी उघडणारी मच्छरदाणी असते. कुत्र्यांच्या गोचिडांसाठी घरोघरी असलेले फिप्रोनिलचे थेंब सशाला चुकूनही लावू नयेत. ते त्याच्या जिवावर बेततात.

अंथरूण बदलल्यापासून मूत्राने पोळलेली कातडी भरून आली आणि उजव्या तळव्यावरचा लाल चट्टा गणपतीपर्यंत निवळून त्यावर बारीक लव आली. याचे सगळे श्रेय कापडाचे नाही. वेदनाशामक औषध सुरू झाल्यापासून तो अधिक वेळा जागा बदलतो आणि त्याचाही उपयोग झाला. ते औषध मेलॉक्सिकॅम. गिधाडांचा संहार करणाऱ्या डायक्लोफेनॅकच्या पशुवैद्यकीय वापरावर 2006 मध्ये भारतात बंदी आली, तेव्हा गिधाडांना निर्धोक पर्याय म्हणून पुढे आलेले औषध ते हेच, आणि आमच्या म्हाताऱ्या सशाला त्याचाच आधार मिळावा याचे मला समाधान वाटते. सशाचे शरीर हे औषध कुत्र्यापेक्षा लवकर बाहेर टाकते, त्यामुळे बाटलीवर छापलेली कुत्र्याची मात्रा त्याला लागू पडत नाही; ती डॉक्टरांनीच वजन पाहून ठरवावी. आपल्या भागातील पशुवैद्यांचा बहुतेक दिवस गाई-म्हशी, शेळ्या आणि कुत्रे यांच्यात जातो, म्हणून सशाचा अनुभव असलेल्या डॉक्टरांचा पत्ता ससा बरा असतानाच शोधून ठेवावा. माणसांसाठी घरात असलेले अ‍ॅमॉक्सिसिलिन हे प्रतिजैविक त्याला तोंडावाटे कधीही देऊ नये. त्याने आतड्यातील उपयोगी जिवाणू मरतात आणि ससा दगावू शकतो.

गाडीबद्दल थोडक्यात सांगते. ती वाईट नाही. मापे नीट घेतली तर मागचा भाग व्यवस्थित तोलला जातो, आणि खळ्यात सकाळच्या उन्हात कापश्या तिच्यासह दहा-पंधरा मिनिटे उत्साहाने फिरतो, हे पाहून घरातल्या सगळ्यांना आनंद होतो. पण गाडीत त्याला बसता येत नाही, आडवे होता येत नाही, आणि सगळा भार पुढच्या पायांवर येत असल्याने त्याहून अधिक वेळ ठेवणे योग्य नव्हे. पट्ट्यांखाली घाम नसला तरी दमट हवेने केस ओलसर राहतात आणि जांघेत घासते, म्हणून पावसाळ्यात आम्ही ती जवळजवळ बंदच ठेवली. ज्या सशाचे पुढचे पायही दुखरे आहेत, त्याच्यासाठी ती घेऊच नये. मागच्या पायांत थोडीही हालचाल शिल्लक असेल, तर रोज हलक्या हाताने ते पाय दुमडून सरळ करणे आणि घसरणार नाही अशा जागी त्याला स्वतःच्या बळावर सरपटू देणे याचा उपयोग मला अधिक दिसला.

बाकीची व्यवस्था साधी आहे. विष्ठेचा ट्रे म्हणून एका बाजूची कड कापलेले पसरट टब, मान वर करावी लागू नये म्हणून बाटलीऐवजी जड चिनी मातीच्या भांड्यात पाणी, आणि तोंडासमोरच सुके गवत. कार्तिकात कापलेले, उन्हात कडकडीत वाळवलेले डोंगरउतारावरचे गवत तो आवडीने खातो, आणि गणपतीच्या दिवसांत ताज्या दूर्वांची चंगळ असते. भाताच्या पेंढ्यात पोषण कमी असल्याने नुसत्या पेंढ्यावर त्याचे पोट भागवता येत नाही. गवत झाकणाच्या पिंपात ठेवावे आणि मूठभर काढल्यावर हुंगून पाहावे. बुरशीचा जरासाही वास आला तर ते टाकून द्यावे. बारा तास ससा काही खात नसेल तर सकाळची वाट न पाहता डॉक्टरांना फोन करावा, कारण त्याचे आतडे थांबले की वेळ फार थोडा उरतो.

हे अंथरूण मी पुन्हा घेईन का, तर निश्चित घेईन. पुढच्या मृगाआधी साध्या पाठीचे आणखी दोन तुकडे मागवणार आहे, थोड्या लहान मापाचे, म्हणजे एकाच वेळी यंत्रात दोन्ही धुता येतील. रबरी पाठीचा तुकडा उन्हाळ्यासाठी धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवला आहे. कोणाला गाडी हवी असेल, तर चार-साडेचार किलोच्या सशाला बसणारी आमची गाडी काही दिवस वापरून पाहण्यासाठी जरूर न्यावी.