परदेशी मित्र जेवायला: झुणका-भाकरी की मसालेभात?

निपाणीची भाची जर्मनीत शिकते. तिनं विचारलं, "मावशी, वर्गातली मंडळी पहिल्यांदाच जेवायला येणार आहेत. झुणका-भाकरी करू की मसालेभात?"

खर्च दोन्हीचा बेताचाच. फक्त ज्वारीचं पीठ भारतीय दुकानातून आणावं लागेल.

खरा फरक कष्टांचा. भाकरी तव्यावरून थेट ताटात पडली तरच मऊ, गार झाली की वातड. पाहुणे गप्पा मारणार आणि ही ओट्याशी थापत उभी! शिवाय विजेच्या शेगडीवर जाळ नसतो. भाकरी तव्यावरच फडक्यानं दाबून फुगवावी लागते. मसालेभात तासभर आधी करून झाकून ठेवता येतो, वाढताना वर तूप, खोबरं, कोथिंबीर.

तिखटाचं सोपं आहे, ठेचा वेगळा ठेवायचा. ग्लूटेन न चालणारं कुणी असेल तर ज्वारी, तांदूळ दोन्ही चालतात; पण हिंगाची डबी वाच, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं.

सहा-आठ जण असतील तर मसालेभात आणि कोशिंबीर. दोघं-तिघंच असतील आणि स्वयंपाकघरातच बसणार असतील, तर भाकरीच कर, त्यांनाही थापायला दे. गोडाला श्रीखंड कर; बेळगावचा कुंदा इथून पाठवता येणार नाही, दुधाचे पदार्थ तिकडं नेऊ देत नाहीत.