स्लीप ॲप्नियासाठी पहिला मास्क: नुसत्या नाकाचा की नाक-तोंड दोन्हींचा?

आर्वी तालुक्यातील आमच्या गावात रात्री सीपॅप यंत्र लावून झोपणारा बहुधा मी पहिलाच माणूस असेन. झोपेत घशात अडथळा येऊन श्वास पुन्हा पुन्हा अडतो, त्या आजाराला स्लीप ॲप्निया म्हणतात, आणि सीपॅप यंत्र मास्कमधून हवेचा सतत दाब देऊन घसा उघडा ठेवते. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर मी घरची कापूस-तुरीची शेती पाहतो. २०२३ च्या डिसेंबरात नागपूरला माझी झोपेची तपासणी झाली, तेव्हा तासाला ३८ वेळा माझा श्वास अडतो किंवा उथळ होतो, असे निघाले. हा आकडा ५ ते १५ असेल तर आजार सौम्य, १५ ते ३० असेल तर मध्यम आणि त्याहून वर गेला तर तीव्र समजतात. डॉक्टरांनी यंत्र लिहून दिले आणि ते कोणत्या कंपनीचे घ्यावे यावर घरात आठवडाभर चर्चा झाली. मास्क कोणता घ्यावा, हा प्रश्न मात्र मला कोणी विचारला नाही आणि मलाही तो सुचला नाही. आज माझे ठाम मत आहे की पहिल्यांदा उपचार घेणाऱ्याने यंत्रापेक्षा मास्ककडे अधिक लक्ष द्यावे, कारण यंत्र उशापाशी राहते आणि मास्क रात्रभर तोंडावर असतो. येथे मी वापरून पाहिलेल्या तीन प्रकारांविषयी आणि त्यांपैकी गेले चौदा महिने रोज वापरत असलेल्या रेसमेड कंपनीच्या एअरफिट एन२० या मास्कविषयी लिहीत आहे.

माझा पहिला मास्क यंत्रासोबत आला. तो नाक आणि तोंड दोन्ही झाकणारा, म्हणजे ज्याला फुल फेस म्हणतात तसा होता. विक्रेत्याकडून आलेल्या तरुणाने मला खुर्चीवर बसवले, यंत्र सुरू न करताच मास्क चढवला आणि पट्टे ओढून घट्ट केले. दुसरा काही प्रकार असतो का, असे मी विचारले तेव्हा तो म्हणाला, "काका, पहिल्यांदा आम्ही सगळ्यायले हाच देतो. तोंड उघडलं तरी हवा जात नाही." त्याचे म्हणणे खोटे नव्हते, पण अपुरे होते. रात्री आडवे झाल्यावर गाल मागे सरकले, हवेचा दाब वाढला, आणि नाकाच्या दोन्ही बाजूंनी डोळ्यांत वारा येऊ लागला. मी पट्टे आणखी आवळले. पाचव्या दिवशी नाकाच्या हाडावर लाल डाग दिसला, आठव्या दिवशी तेथली कातडी सोलली, आणि नवव्या रात्री मी मास्क काढून कपाटात ठेवला. तो सात आठवडे तेथेच राहिला. त्या सात आठवड्यांत मी पुन्हा पूर्वीसारखाच दुपारी बैलगाडीच्या धुरेवर बसल्या बसल्या पेंगू लागलो आणि हा उपचार आपल्यासाठी नाहीच, असे मनाशी ठरवून टाकले. पुढे कळले की अशा रीतीने पहिल्या महिन्यातच यंत्र सोडून देणारे अनेक असतात, आणि त्यांतल्या कित्येकांची अडचण यंत्राची नसून मास्कची असते.

मास्क हा या उपचाराचा अवघड भाग आरंभापासूनच आहे. ऑस्ट्रेलियातील सिडनी येथे डॉ. कॉलिन सुलिव्हन यांनी १९८० मध्ये पहिल्यांदा हा उपचार केला आणि १९८१ मध्ये पाच रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला. सुरुवातीच्या काळात नाकावरचा मास्क रोज रात्री सिलिकॉनच्या लुकणाने चेहऱ्याला चिकटवावा लागत असे. आज सिलिकॉनची मऊ कडा हवेच्या दाबानेच फुगून कातडीवर बसते. ही एक गोष्ट नीट समजली की पुष्कळसा गोंधळ मिटतो: मास्क पट्ट्यांच्या जोराने बसत नाही, तो फुगलेल्या कडेने बसतो. पट्टे जास्त आवळले की ती कडा दबून जाते आणि हवा उलट अधिक गळते. मी नऊ रात्री नेमके हेच करत होतो.

मार्च महिन्यात मी पुन्हा नागपूरला गेलो. यावेळी झोपेच्या तपासणीच्या खोलीतील एका ताईंनी मला खाटेवर आडवे व्हायला सांगितले. "सर, बसून नका पाहू. आडवे व्हा, कूस बदला, मग सांगा," असे म्हणून त्यांनी यंत्राचा दाब माझ्या नेहमीच्या पातळीवर, म्हणजे ११ सेंटीमीटरवर नेऊन ठेवला. (हा दाब पाण्याच्या सेंटीमीटरमध्ये मोजतात आणि घरगुती यंत्रे साधारणपणे ४ ते २० पर्यंत चालतात.) प्रत्येक मास्क लावून मी वीस मिनिटे पडून राहिलो. त्या तासाभरात मला जे समजले, ते आधीच्या तीन महिन्यांत समजले नव्हते.

पहिल्यांदा त्यांनी नेझल पिलो दिला. यात दोन लहान मऊ बोंडे नाकपुड्यांच्या तोंडाशी टेकतात आणि चेहऱ्यावर जवळजवळ काहीच राहत नाही. चष्मा लावून वाचता येते, मिशी आड येत नाही, आणि बंद खोलीत जीव घाबरा होणाऱ्यांना तो फार सोयीचा वाटतो. ज्याच्या यंत्राचा दाब कमी ठेवलेला आहे त्या रुग्णाने आधी हाच पाहावा, असे माझे मत आहे. माझ्या ११ च्या दाबाला मात्र हवा थेट नाकपुडीत घुसल्यासारखी वाटत होती आणि वीस मिनिटांतच नाक आतून कोरडे पडले. दुसरा होता नाकावर बसणारा नेझल मास्क, म्हणजेच एन२०. तिसऱ्या वेळी त्यांनी मला पुन्हा फुल फेसच लावला, पण योग्य मापाचा, आणि तोही पहिल्यापेक्षा कितीतरी बरा बसला. म्हणजे माझ्या पहिल्या मास्कच्या त्रासात प्रकाराइतकाच मापाचाही दोष होता.

तरीही मी नेझल निवडला, आणि त्यामागे नुसती आवड नव्हती. अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन या संस्थेच्या २०१९ च्या मार्गदर्शक सूचनांत नाक-तोंड झाकणाऱ्या मास्कपेक्षा नाकाच्या किंवा नाकपुडीच्या मास्कने सुरुवात करण्याची शिफारस आहे. फुल फेस मास्कला चेहऱ्याचा मोठा भाग सांभाळावा लागतो, म्हणून गळतीच्या जागा वाढतात. त्याचे पट्टे हनुवटीला मागे ढकलतात, त्यामुळे जीभ घशाकडे सरकते आणि तोच परिणाम साधायला अनेकदा अधिक दाब लागतो. "मी तोंडाने श्वास घेतो, मला फुल फेसच हवा," असे पुष्कळ जण सांगतात, मीही सांगितले होते. परंतु रात्री तोंड उघडे राहण्याचे कारण अनेकांच्या बाबतीत घशातला अडथळाच असतो, आणि हवेच्या दाबाने तो दूर झाला की काही दिवसांत तोंड आपोआप मिटू लागते. मला त्यासाठी अकरा-बारा रात्री लागल्या.

आता एन२० विषयी. हा लहान, मध्यम आणि मोठा अशा तीन मापांत मिळतो आणि मला मध्यम बसला. माप घेताना नाकाची लांबी पाहत नाहीत, नाकाच्या पाळ्यांची रुंदी आणि वरच्या ओठापर्यंतचे अंतर पाहतात. रुंद नाकाच्या माणसाने केवळ चेहरा बारीक म्हणून लहान माप घेऊ नये. कडा पातळ आहे आणि नाकाच्या हाडावर तिचा भार पडत नाही. माझी जुनी जखम हा मास्क वापरत असतानाच भरून आली. गालांवरून जाणाऱ्या चौकटीला कापडी मऊ वेष्टण आहे. मला सर्वांत उपयोगी वाटला तो नळीचा सांधा: दोन बाजूंनी चिमटीत दाबला की नळी सुटते आणि मास्क तोंडावर तसाच राहतो. रात्री दोन वेळा उठावे लागणाऱ्या माझ्या वयाच्या माणसाला याचे मोल लगेच कळेल. पुढच्या बाजूला बारीक छिद्रे आहेत आणि त्यांतून हवा सतत बाहेर पडते. ती गळती नव्हे. सोडलेला श्वास बाहेर जाण्यासाठी ती वाट मुद्दाम ठेवलेली असते आणि ती कधीही झाकू नये. थंडीत गोधडी तोंडावर ओढून घेण्याची सवय असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावे.

खरी गळती कोठे आहे हे शोधण्याची एक रीत आमच्या घरी सापडली. पहिल्या आठवड्यात यंत्राच्या पडद्यावर गळती अधिक दिसत होती. रेसमेडच्या यंत्रांत मिनिटाला २४ लिटरपर्यंतची गळती चालते, माझी त्याहून वर जात होती. मी आडवा झालो, यंत्र सुरू केले, आणि सौभाग्यवतींनी देवघरातल्या फुलवातींसाठी ठेवलेल्या कापसातून एक लांब तंतू ओढून तो मास्कच्या कडेने हळूहळू फिरवला. छिद्रांपुढे तो थरथरला, ते अपेक्षितच होते. गालापाशी स्थिर राहिला. आणि उजव्या डोळ्याखाली आला तसा एकदम आडवा झाला. "अहो, इथंच आहे पाहा," त्या म्हणाल्या. मी त्या बाजूचा पट्टा आवळला नाही. मास्क चेहऱ्यापासून बोटभर पुढे ओढला, कडा पूर्ण फुगू दिली, मग अलगद परत ठेवला, आणि वरचा पट्टा उलट थोडा सैल केला. तंतू पुन्हा फिरवला तेव्हा तो हलला नाही. त्या रात्रीचा गळतीचा आकडा ९ लिटर होता.

खालची कडा वरच्या ओठावर टेकत असल्यामुळे दाट मिशी असेल तर तेथून हवा सुटते. मी मिशी काढली नाही, पण खालून कातरून आखूड ठेवली, आणि तेवढ्याने काम झाले. तेलाचे मात्र ऐकावेच लागते. आमच्याकडे रात्री डोक्याला आणि हिवाळ्यात चेहऱ्यालाही खोबरेल लावण्याची रीत आहे; तेलकट कातडीवर सिलिकॉन घसरते आणि लवकर खराब होते. म्हणून झोपण्यापूर्वी साबणाने चेहरा धुणे आणि सकाळी कडा कोमट पाण्यात सौम्य साबणाने धुऊन सावलीत वाळवणे, हे मी दात घासण्याइतके नित्याचे करून टाकले आहे. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ अंशांपर्यंत जातो, अशा उन्हात मास्क अंगणातल्या दोरीवर टाकणे म्हणजे त्याचे आयुष्य कमी करणे होय. उन्हाळ्यात कूलरचा झोत सरळ तोंडावर घेऊ नये, पायांकडून घ्यावा. घाम कमी येतो आणि कडाही सरकत नाही.

फुल फेस मास्क टाकाऊ आहे, असे माझे म्हणणे नाही. नाकाचे हाड फार वाकडे असेल, नाकात कोंब असतील किंवा नाक कायम चोंदलेले असेल, तर कान-नाक-घशाच्या डॉक्टरांना आधी दाखवावे, आणि तरीही उपाय नसेल तर फुल फेसच योग्य ठरतो. माझ्याकडे योग्य मापाचा एक फुल फेस मी नंतर घेऊन ठेवला. ऑक्टोबरात सोयाबीनची मळणी सुरू झाली की आठ-दहा दिवस धुळीने माझे नाक बंद होते, तेव्हा तो कामी येतो. मास्क बदलला की यंत्राच्या मेनूतही प्रकार बदलावा लागतो, हे विसरू नये. विजेचे म्हणाल तर जूनमधल्या वादळात आमची लाईन रात्रीतून दोन वेळा तरी जाते. नाकाचा मास्क असेल तर तोंड मोकळे असते आणि जाग येतेच, तर फुल फेसमध्ये हवा थांबताच उघडणारी झडप असते. ती झडप धुताना चिकटून राहिलेली नाही ना, हे रोज पाहावे. जी व्यक्ती स्वतःच्या हाताने मास्क काढू शकत नाही, तिला डॉक्टरांना विचारल्याशिवाय फुल फेस लावू नये.

एक इशारा मला वेगळा द्यायचा आहे. एन२० सह अनेक मास्कच्या खालच्या पट्ट्यांना लोहचुंबकाच्या टिकल्या असतात. ज्यांच्या शरीरात पेसमेकर किंवा तत्सम उपकरण आहे, त्यांच्या त्या उपकरणापासून ही चुंबके किमान १५ सेंटीमीटर दूर असावीत, अशी सूचना फिलिप्सने २०२२ मध्ये आणि रेसमेडने २०२३ मध्ये आपापल्या मास्कबद्दल दिली आहे. ही सूचना शेजारी झोपणाऱ्या जोडीदारालाही लागू आहे. पेसमेकर असलेल्यांनी आपल्या हृदयाच्या डॉक्टरांना विचारून बिनचुंबकाचा मास्क मागावा.

किमतीचे सांगायचे तर माझ्या एन२० ला ७,४०० रुपये पडले. नळीचा सांधा बहुतेक कंपन्यांत २२ मिलिमीटरचा एकच असल्यामुळे यंत्र एका कंपनीचे आणि मास्क दुसऱ्या कंपनीचा चालतो. यंत्रासोबत मिळतो तोच मास्क घेतला पाहिजे, असे बंधन नाही. सिलिकॉनची कडा वेगळी मिळते, मी ती आठ महिन्यांनी बदलली, पट्टे अजून पहिलेच आहेत. आमच्यासारख्या नागपूरपासून एसटीने तीन तासांवर राहणाऱ्यांना माप चुकले तर ते बदलायला जाण्यातच एक दिवस आणि एक मजुरी जाते. म्हणून माप न बसल्यास किती दिवसांत बदलून देणार, हे दुकानदाराकडून बिलावर लिहून घ्यावे. चुकीच्या मापाच्या मास्कपायी मी एकदा सात आठवडे घालवले आहेत.

आमच्या शेजारच्या गावातील एका शेतकरी मित्रांचा तपासणीचा आकडा गेल्या आठवड्यात ४४ आला. त्यांना पेसमेकर आहे आणि वरच्या दातांची कवळी आहे. ते रात्री कवळी काढून झोपतात, म्हणून मास्कचे मापही कवळी काढूनच घ्यायला मी त्यांना सांगितले आहे, कारण दात काढल्यावर वरचा ओठ आत जातो आणि दिवसा बसलेला मास्क रात्री बसत नाही. सोमवारी पहाटेच्या गाडीने आम्ही दोघे नागपूरला निघणार आहोत, आणि ते आपली नेहमीची कापसाची उशी पिशवीत घालून सोबत आणणार आहेत.