९५ पर्सेंटाइल आणि बीएस्सी अ‍ॅग्री? की कॉम्प्युटरच?

सीईटीला चांगला स्कोअर आला की घरचे सरळ कॉम्प्युटर इंजिनिअरिंग म्हणतात, आणि खरं सांगायचं तर कॅम्पस प्लेसमेंट, पहिला पगार बघितला तर त्यांचं चुकत नाही, चांगल्या कॉलेजात डिग्री हातात यायच्या आधीच नोकरी मिळू शकते. अ‍ॅग्रीत तसं नाही. तिथे चार वर्षांनंतर बहुतेक जण एमपीएससी, बँकेची परीक्षा नाहीतर आयसीएआरची (भारतीय कृषी संशोधन परिषद) एन्ट्रन्स देऊन एमएस्सी, म्हणजे पेशन्स लागतोच.

पण शिकण्यातली मजा म्हणाल तर मी अ‍ॅग्रीच म्हणेन. राहुरी, अकोला, परभणी, दापोली, राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांचं हवामान वेगळं, पिकं वेगळी. सकाळी प्लॉटवर जायचं, किडे पकडून पेटीत टाचणीने लावायचे, शेवटच्या वर्षी रावेला, म्हणजे ग्रामीण कार्यानुभवाला, गावात राहून शेतकऱ्यासोबत माती परीक्षणाचा नमुना घ्यायचा, व्ही आकाराचा खड्डा करून कडेची माती खरवडायची. जेनेटिक्स, केमिस्ट्री, स्टॅटिस्टिक्स सगळं त्यात येतं, त्यामुळे "हुशार पोरगं वाया गेलं" हे ऐकलं की मला खरंच राग येतो, दुष्काळात तग धरणारं वाण काढायला हुशार पोरंच लागतात ना!

घरी कर्ज असेल, लगेच कमवायचं असेल तर मात्र कॉम्प्युटर घ्या.