नऊ महिने स्कॉलरशिप आणि ग्रँट शोधल्यानंतर: ॲप, सरकारी पोर्टल आणि शंभर पानी वही

गेल्या जूनमध्ये स्कॉलरशिप शोधून देणारं एक ॲप घेतलं, वर्षाचे ९९९ रुपये भरून. ॲपचं नाव घेत नाही कारण मला त्याची बदनामी करायची नाहीये, मला आलेला अनुभव सांगायचाय. आता फेब्रुवारी संपत आला, म्हणजे नऊ महिने झाले, त्यामुळे आता बोलायला हरकत नाही.

आमच्या गोव्यातल्या डिचोलीच्या घरात एकाच वेळी तिघांना पैशाची गरज लागली. भाची बारावी सायन्स होऊन बीएस्सी फिजिक्सला गेली. धाकटा भाऊ २७ वर्षांचा, सुंवारीच्या, म्हणजे गोव्यातल्या सामूहिक वादनाच्या, पथकात घुमट हे मातीचं तालवाद्य वाजवतो आणि त्यावर नीट काहीतरी काम करायचंय त्याला. आणि मी, वय ३३, मराठीत पीएचडी करतेय, गोव्यातल्या जुन्या मराठी नियतकालिकांवर. विद्यार्थी, कलाकार, संशोधक तिन्ही एकाच घरात, म्हणून म्हटलं एकदाच पैसे भरू आणि तिघांची प्रोफाइल टाकू.

पहिल्या आठवड्यात खूप बरं वाटलं. भाचीच्या प्रोफाइलला शंभराच्या वर नावं आली, त्यातली मोठी रक्कम सगळ्यात वर. पण एकेक उघडून बघायला लागलो तर वरच्या पाचातलं एक जे. एन. टाटा एंडोमेंटचं, जे परदेशात उच्च शिक्षणाला जाणाऱ्यांसाठी आहे आणि ते मुळात कर्ज आहे. संस्था १८९२ पासूनची, चांगलीच आहे, आणि त्यांनी स्वतः 'लोन स्कॉलरशिप' असं स्पष्ट लिहिलंय, पण ॲपच्या यादीत त्यातला 'लोन' शब्दच गळाला होता. बीएस्सीच्या पहिल्या वर्षाच्या मुलीला ते दाखवून काय उपयोग? घरी बाबांनी रक्कम बघितली आणि दोन दिवस सगळ्यांना सांगत सुटले, मग त्यांना समजावून सांगायचं काम माझ्याकडे आलं.

दुसरं इन्स्पायरचं, ही केंद्र सरकारची विज्ञानाच्या विद्यार्थ्यांसाठीची स्कॉलरशिप. वर्षाला ८० हजार, त्यातले ६० हजार हातात आणि २० हजार उन्हाळी प्रोजेक्टसाठी, बेसिक सायन्स शिकणाऱ्यांसाठीच आहे म्हणून आम्हाला वाटलं हेच. पण बोर्डाच्या पहिल्या १ टक्क्यात असावं लागतं. भाचीला मार्क चांगले आहेत, पण तेवढे नाहीत. ॲपने "९०% मॅच" म्हणून दाखवलं होतं. हे ९० टक्के कशावरून काढतात ते मला अजून कळलेलं नाही, पण अठरा वर्षांच्या पोरीला ते खरंच वाटतं, आणि नंतर जे वाईट वाटतं तेही खरंच असतं.

मिळाली ती पीएम-यूएसपी या केंद्र सरकारच्या योजनेतली कॉलेज विद्यार्थ्यांची स्कॉलरशिप. पदवीला वर्षाला १२ हजार. यादीत ती खूप खाली होती, रक्कम छोटी म्हणून. इथे एक गोष्ट सांगायलाच हवी कारण आमच्या ओळखीतल्या दोन घरांनी यामुळेच अर्ज केला नाही: अट आहे ८० पर्सेंटाइलच्या वरची, म्हणजे ८० टक्के मार्क नव्हेत, आपल्या बोर्डात आपल्या शाखेत जेवढी मुलं पास झाली त्यातल्या वरच्या पाचव्या हिश्शात आपण आहोत का एवढंच बघतात. कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला साडेचार लाखांपर्यंत. आणि पुढच्या वर्षी चालू ठेवायची तर ५० टक्के मार्क आणि ७५ टक्के हजेरी, ते भाचीला आतापासून सांगून ठेवलंय.

अर्ज नॅशनल स्कॉलरशिप पोर्टलवर. आधी ओटीआर (वन टाइम रजिस्ट्रेशन) काढायचा, एकदाच, १४ आकडी नंबर मिळतो, चेहरा दाखवून आधारची पडताळणी होते. ते घरी बसून झालं, मागे खिडकी होती म्हणून दोनदा फेल गेलं मग उजेडाकडे तोंड करून बसवलं तर लगेच झालं. खरी अडचण पुढे आली. आधारवर नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आणि मार्कशीटवर आडनाव आधी. अर्ज "डिफेक्टिव्ह" म्हणून परत आला. तो शब्द बघून भाची रडायलाच लागली, तिला वाटलं संपलं. डिफेक्टिव्ह म्हणजे रिजेक्ट नव्हे, दुरुस्त करून परत पाठवायचा असतो, पण मुदतीच्या आत. आणि परत आल्याचा मेसेज आम्ही वेळेवर बघितलाच नव्हता, मी सहज लॉगिन केलं म्हणून कळलं, चार दिवस उरले होते. कॉलेजात स्कॉलरशिपचे अर्ज तपासणाऱ्या नोडल ऑफिसरना प्रत्यक्ष जाऊन भेटलो, दोन्ही कागद समोर ठेवले, त्यांनी शांतपणे सगळं बघून पुढे पाठवलं. त्यामुळे माझं म्हणणं असं की अर्ज सबमिट केला की काम संपत नाही, दर आठवड्याला एकदा स्टेटस बघाच.

मग पैसे कुठल्या खात्यात येतात ते. आम्ही धरून चाललो होतो की कॉलेजसाठी उघडलेल्या बँक खात्यात येतील, तिथे आधार दिलंय म्हणून. पण केवायसीला आधार देणं वेगळं आणि डीबीटीसाठी (सरकारी पैसा थेट खात्यात येण्यासाठी) आधार सीड होणं, म्हणजे त्या खात्याला जोडलं जाणं, वेगळं, आणि सरकारचा पैसा जे खातं सीड असेल तिथेच जातो. माय आधारच्या साइटवर बँक सीडिंग स्टेटस दिसतं, तिथे बघितलं तर भाचीचं भलतंच खातं निघालं, दोन वर्षांपूर्वी सिमकार्ड घेताना दुकानदाराने उघडून दिलेलं, तिला आठवतही नव्हतं. बँकेत जाऊन फॉर्म भरून बदलून घेतलं. परवा १२ हजार जमा झाले. आधी बघितलं नसतं तर ते पैसे कुठे गेले हे शोधत बसलो असतो.

आता भावाचं, कारण मला सगळ्यात जास्त त्याबद्दल लिहायचंय. कलाकारांसाठी कोणी नीट माहितीच देत नाही. ॲपमध्ये 'आर्टिस्ट' निवडलं तर संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांची स्कॉलरशिप आली, महिना ५ हजार, दोन वर्षं, वय १८ ते २५. भाऊ २७ चा, म्हणजे विषय संपला असं तो म्हणाला आणि फोन ठेवून दिला. मी मंत्रालयाची मूळ नोटीस उघडली, तर त्याच मंत्रालयाची ज्युनियर फेलोशिप २५ ते ४० वयासाठी आहे, महिना १० हजार, दोन वर्षं, पैसे सहा-सहा महिन्यांच्या हप्त्याने. चाळिशीच्या पुढच्यांना सिनियर, महिना २० हजार. ॲपमध्ये हे 'रिसर्च' या सदरात टाकलेलं होतं, आणि घुमट वाजवणारा माणूस रिसर्चमध्ये कशाला बघेल?

दुसरं नाव एका नाट्यशिक्षकांनी सांगितलं, बेंगळूरच्या इंडिया फाउंडेशन फॉर द आर्ट्सचं. १९९५ पासून ते कलाकारांना आणि कलेवर संशोधन करणाऱ्यांना ग्रँट देतात, आणि प्रस्ताव कुठल्याही भारतीय भाषेत चालतो. हे वाचल्यावर भावाचा चेहरा बदलला. तोवर तो इंग्रजीत काहीतरी जुळवत होता, आणि त्यात ना घुमट होता ना तो.

मराठीतला पहिला खर्डाही निबंधासारखाच झाला, "घुमट हे गोव्याचं वैभव आहे" वगैरे. मी म्हटलं हे सगळ्यांना माहीत आहे, सरकारने २०१९ मध्ये घुमटाला गोव्याचं वारसा वाद्य म्हणून जाहीरसुद्धा केलंय, तू काय करणार ते लिही. मग तो उठला, घुमट घेऊन आला आणि मांडीवर ठेवून दाखवायला लागला. मातीचं भांडं, दोन तोंडं, मोठ्या तोंडावर कातडं ताणलेलं, लहान तोंड उघडं, तिथे डावा तळवा दाबायचा आणि सोडायचा म्हणजे घुमारा वर-खाली होतो. पूर्वी घोरपडीचं कातडं असायचं, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने ती शिकार बंद झाली आणि बकऱ्याचं कातडं आलं. त्याचं म्हणणं की जुने वादक बोलताना सांगतात, कातडं बदललं तसा हात बदलला, काही बोल पूर्वीसारखे उमटत नाहीत म्हणून लोकांनी ते वाजवणंच सोडलं, आणि ते बोल आता चार-पाच म्हाताऱ्यांच्या हातातच उरलेत. हे तो बोलत होता आणि मी लिहून घेत होते. तोच प्रस्ताव झाला. कोणाकोणाकडे जाणार, चवथीच्या (गणेश चतुर्थीच्या) आरत्यांना कुठल्या गावात रेकॉर्ड करणार, शामेळ आणि कासाळं ही साथीची वाद्यं वाजवणाऱ्यांना मानधन किती, कदंबा बसचं तिकीट किती, सगळं. बजेटमध्ये त्याने स्वतःसाठी काहीच धरलं नव्हतं, ते मी भांडून घालायला लावलं. कलाकाराने स्वतःच्या वेळेचा पैसा मागायला लाजू नये असं मला मनापासून वाटतं.

माझं स्वतःचं थोडक्यात. ॲपने जेआरएफ (ज्युनियर रिसर्च फेलोशिप, नेट परीक्षेतून मिळते ती) मला दाखवलंच नाही, वयाची फिल्टर ३० ला लावलेली. मूळ माहितीपत्रकात पुढच्याच ओळीत बायकांना ५ वर्षांची सवलत लिहिलीय. १ जानेवारी २०२३ पासून जेआरएफ महिना ३७ हजार झालंय, म्हणजे एका फिल्टरमुळे केवढं हातचं जात होतं बघा. डिसेंबर सत्राची नेट दिली, असिस्टंट प्रोफेसरसाठी पात्र झाले, जेआरएफ थोडक्यात हुकलं. जूनला परत बसणार आहे, पाटोच्या सेंट्रल लायब्ररीत शनिवारचा दिवस अभ्यासाला ठेवलाय.

तर ॲपचं काय? नावं कळायला ठीक आहे, पहिला महिना. त्यानंतर मी त्यातली कामाची नावं एका शंभर पानी वहीत उतरवली आणि तीच वापरतेय. वहीत रकमेप्रमाणे क्रम लावला नाही, सगळ्यात उशिरा मिळणारा कागद कुठला त्याप्रमाणे लावला. मामलेदाराकडचा उत्पन्नाचा दाखला आणि पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला लागणाऱ्या एका पानावर, राज्याच्या बऱ्याच योजना त्यात येतात. कुणाचं शिफारसपत्र लागणाऱ्या दुसऱ्या पानावर. कामाचे नमुने, रेकॉर्डिंग लागणाऱ्या तिसऱ्यावर. कारण जाहिरात आल्यावर अर्ज लिहायला दोन रात्री पुरतात, पण दाखल्यासाठी तलाठ्याचा रिपोर्ट होऊन सही होईपर्यंत मुदत निघून जाते, आमची पहिल्या दोन महिन्यांत अशीच तीन गेली. एकदा हे कळल्यावर ऑगस्टनंतर एकही मुदत चुकली नाही.

फोन करून "सिलेक्शन झालंय, प्रोसेसिंगचे ५०० भरा" म्हणणारे दोनदा भेटले. भरू नका, ओटीपी तर कोणालाच देऊ नका.

जूनमध्ये ॲपचं रिन्यूअल आहे, करणार नाही. ते ९९९ भावाला मेमरी कार्डासाठी देणार आहे. बेंगळूरहून उत्तर यायचंय अजून, पण त्याने वाट बघितली नाही, गेल्या रविवारी सत्तरीत एका आजोबांकडे जाऊन आला. आजोबांनी माळ्यावरून जुनं घुमट काढलं, कातडं कधीचंच फाटलेलं, तर त्यांनी नुसत्या मातीच्या काठावर बोटांनी बोल वाजवून दाखवले. अकरा मिनिटांचं रेकॉर्डिंग आहे, मागे कोंबडा आरवतोय, पण बोल स्वच्छ ऐकू येतात.