फ्रीकोडकॅम्प: इंग्रजी आणि कोडिंग दोन्ही एका साइटवर, पण वेळेची वाटणी अर्धी-अर्धी नको

नोकरी किंवा कॉलेज सांभाळून दिवसाला तास-दीड तास मिळतो आणि त्यातच इंग्रजीही सुधारायचंय, प्रोग्रॅमिंगही शिकायचंय, अशांनी फ्रीकोडकॅम्प वापरून बघावीच. क्विन्सी लार्सन यांनी २०१४ साली सुरू केलेली ही अमेरिकेतली ना-नफा संस्था देणग्यांवर चालते आणि शिकणाऱ्याकडून पैसे घेत नाही. वेब डेव्हलपमेंटसाठी ती प्रसिद्ध आहेच. पण तिथे डेव्हलपरांसाठी इंग्रजीचे अभ्यासक्रमही आहेत, ए२ आणि बी१ म्हणजे प्राथमिक आणि मध्यम पातळीचे, हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत असतं.

ए२ची सुरुवात ऑफिसातल्या पहिल्या दिवसापासून होते. टॉम नावाचा नवा ग्राफिक डिझायनर येतो, टीम लीड मारिया त्याचं स्वागत करते. अ‍ॅनिमेशनमधला छोटा संवाद ऐकायचा, मग रिकाम्या जागा भरायच्या किंवा पर्यायांतून उत्तर निवडायचं. पुढे काम कुठवर आलं ते टीमला सांगणं, अडचण समजावणं, मदत मागणं असे प्रसंग येतात. ‘स्पोकन इंग्लिश’च्या क्लासमध्ये रेल्वे स्टेशन आणि हॉटेलमधले संवाद घोकून घेतात, त्यापेक्षा आयटीत जाणाऱ्याला हे कितीतरी जवळचं आहे.

यातला कच्चा दुवाही ठाऊक हवा. रिकाम्या जागांचे शब्द बऱ्याचदा वरच्या सूचनेतच दिलेले असतात. त्यामुळे संवाद न ऐकताही उत्तर बरोबर येतं, धडा हिरवा होतो आणि कान मात्र कोराच राहतो. उपाय असा: सूचना वाचायच्या आधी संवाद दोनदा ऐका, ऐकू आलं तसं वहीत लिहा आणि मगच जागा भरा. वही आणि उत्तर यांत जो फरक दिसेल तोच तुमचा अभ्यास. मराठीत ‘अ’, ‘द’ यांसारखी उपपदं नसल्याने तीच सर्वांत जास्त गळतात. ‘आय अ‍ॅम डेव्हलपर’ असं लिहिलं गेलं तर त्या वाक्याला खूण करा आणि पूर्ण वाक्य पाच वेळा मोठ्याने म्हणा. बोलण्याचा सराव असाच स्वतः करावा लागतो.

खरी मजा कोडिंगच्या भागात आहे, कारण तिथे इंग्रजी आपोआप पिळून घेतलं जातं. एचटीएमएलच्या, म्हणजे वेबपानाचा सांगाडा लिहायच्या भाषेच्या, सुरुवातीच्या धड्यांतच मांजरांच्या फोटोंचं पान येतं. प्रत्येक पायरीत एकच छोटा बदल करायचा आणि कोड तपासायचा. चुकलं तर संदेश येतो आणि त्यात जवळजवळ नेहमी ‘शुड’ असतं: अमुक घटकाला सुरुवातीचा टॅग (टोकदार कंसातली खूण) असायला हवा, अमुक मजकूर अमुक टॅगच्या आत असायला हवा. संदेश मोठ्याने वाचा, काय ‘हवं’ आणि कुठे ‘हवं’ हे मराठीत एका ओळीत सांगा, मग कोडला हात लावा. अर्ध्याहून अधिक वेळा चूक कोडमध्ये नसते, वाक्य घाईत वाचलेलं असतं.

हे सगळ्यात ठळकपणे दिसतं ते सर्व्हे फॉर्म या प्रकल्पात. तिथे पायऱ्या नसतात, फक्त अटींची यादी असते आणि प्रत्येक अट एक इंग्रजी वाक्य असतं. ‘इनसाइड’ म्हटलंय म्हणजे नाव, ईमेल आणि आकड्याची खोकी फॉर्मच्या टॅगच्या आतच हवीत. बाहेर टाकली तर पान दिसायला तसंच दिसतं, चाचणी मात्र नापास. ‘करस्पाँडिंग’ लेबल म्हणजे प्रत्येक खोक्याचं स्वतःचं लेबल, त्याला ठरवून दिलेल्या आयडीसह (आयडी म्हणजे त्या घटकाचं ओळखनाव). ‘अ‍ॅट लीस्ट’ दोन पर्याय मागितलेत तर वरचं ‘निवडा’ हे निवडता न येणारं सूचनावजा पहिलं नाव त्यात मोजलं जात नाही. ‘ग्रुप’ असलेल्या रेडिओ बटणांना, म्हणजे एकच पर्याय निवडायच्या गोल बटणांना, कोडमध्ये एकच ‘नेम’ लागतं. प्रत्येकाला वेगळं नेम दिलं की दोन्ही बटणं एकाच वेळी निवडली जातात, आणि नवखा माणूस तासभर सीएसएसमध्ये, म्हणजे पानाच्या सजावटीच्या कोडमध्ये, चूक शोधत बसतो. आयडीतलं एक अक्षर किंवा मधली आडवी रेघ चुकली तरी चाचणी पुढे सरकत नाही, म्हणून आयडी टाइप न करता अटीतून कॉपी करा. हा एक प्रकल्प नीट, वाक्यावाक्याने केला तर शब्दयोगी अव्ययांचा जेवढा अभ्यास होतो तेवढा व्याकरणाच्या पुस्तकाने होत नाही, असं आमचं ठाम मत आहे.

पायऱ्यांच्या धड्यांचा एक धोका आहे. सगळं भराभर बरोबर येतं, पण कोऱ्या फाइलसमोर बसलं की हात चालत नाही. त्यामुळे पायऱ्यांची एक कार्यशाळा संपली की व्हीएस कोड या कोड लिहायच्या सॉफ्टवेअरमध्ये नवी फाइल उघडून तेच पान न बघता पुन्हा उभं करा. नावं आणि मजकूर आपला घ्या: गावातल्या वाचनालयाचं, मंडळाचं, दुकानाचं.

आता वेळ. रोज अर्धा तास इंग्रजी आणि अर्धा तास कोडिंग ही वाटणी कागदावर छान दिसते, प्रत्यक्षात कोडिंगचा जीव घेते. काल कुठे थांबलो, फाइल कोणती, चूक काय होती, हे आठवण्यातच दहा-पंधरा मिनिटं जातात आणि हात बसेपर्यंत उठायची वेळ होते. इंग्रजीचं तसं नाही. एक संवाद वीस मिनिटांत पूर्ण होतो, मोबाइलवर होतो, लोकलमध्ये किंवा एसटीतही होतो. म्हणून इंग्रजी रोज, पण वीस मिनिटं. कोडिंग आठवड्यातून तीनदा, प्रत्येक बैठक सलग दीड तासाची, आणि दोन बैठकांत तीन दिवसांहून जास्त अंतर नको. सोमवार, गुरुवार आणि रविवार असं धरलं तर आठवड्याला इंग्रजी दोन तास वीस मिनिटं आणि कोडिंग साडेचार तास होतं. परीक्षेच्या किंवा जास्तीच्या ड्युटीच्या आठवड्यात कोडिंगची एक बैठक सोडा, इंग्रजीची वीस मिनिटं सोडू नका.

बैठकीची शेवटची पाच मिनिटं लिहिण्यासाठी राखून ठेवा. इंग्रजीत दोनच वाक्यं: आज काय झालं, पुढे काय करायचं. पहिलं भूतकाळात, दुसरं भविष्यकाळात. पुढच्या वेळी ती दहा मिनिटांची चाचपड वाचते. गिट हे कोडमधले बदल नोंदवून ठेवणारं साधन शिकायला लागल्यावर हीच सवय कमिटच्या, म्हणजे बदलाच्या नोंदीच्या, संदेशात उपयोगी पडते. तिथे वाक्य ‘अ‍ॅड’, ‘फिक्स’, ‘रिमूव्ह’ अशा आज्ञार्थी क्रियापदाने सुरू करण्याची रीत आहे.

मोबाइलवर कोडिंग करायला जाऊ नका. कंस आणि अवतरणचिन्हं कीबोर्डच्या दुसऱ्या-तिसऱ्या पानावर असतात, आणि एका स्क्रीनवर सूचना, कोड आणि निकाल मावत नाहीत. अभ्यासिकेतला किंवा मित्राचा संगणक वापरत असाल तर आधी लॉग-इन करा, नाहीतर पूर्ण केलेल्या पायऱ्यांची नोंद राहत नाही. उठण्यापूर्वी अर्धवट कोड स्वतःच्या ईमेलवर पाठवा.

साइटवर मराठी नाही, ही मोठी उणीव आहे. लूप (तेच काम पुन्हा पुन्हा करणारा कोड) किंवा फंक्शन (नाव देऊन वापरायचा कोडचा तुकडा) ही कल्पनाच पहिल्यांदा भेटत असेल तर ती परक्या भाषेत समजून घेण्यात दुप्पट वेळ जातो. त्यासाठी आयआयटी मुंबईचा स्पोकन ट्यूटोरियल हा प्रकल्प जोडीला घ्या. तोही फुकट आहे. सी, सी++ अशा प्रोग्रॅमिंग भाषांचे छोटे व्हिडिओ तिथे मराठी निवेदनासह मिळतात. पडद्यावरचा कोड आणि मेनू इंग्रजीतच असतात, त्यामुळे कल्पना मराठीत कळते आणि शब्द इंग्रजीतच डोळ्यांखालून जातात. काही व्हिडिओंतल्या सॉफ्टवेअरच्या आवृत्त्या जुन्या आहेत. पायथन या प्रोग्रॅमिंग भाषेत ‘प्रिंट’ या आज्ञेनंतर कंस नसलेला कोड दिसला तर तो पायथन २चा आहे, आजच्या पायथनवर तो चालणार नाही.

इंग्रजीची साधी वाक्यं वाचतानाही अडखळायला होत असेल तर ए२ जड जाईल, कारण त्या धड्यांच्या सूचनाही इंग्रजीतच आहेत. अशांनी पहिले दोन महिने कोडिंगच्या तीनपैकी एक बैठक इंग्रजी वाचनाला द्यावी आणि उरलेल्या दोन मराठी व्हिडिओंसोबत कराव्यात. मांजरांच्या पानाकडे वळायचं ते सूचनेचं वाक्य शब्दकोश न उघडता कळायला लागल्यावर.