इंदिरानगर की पाथर्डी फाटा: त्याच बजेटमध्ये घर घेताना

नाशिकात मुंबई-आग्रा हायवेच्या सिडकोसमोरच्या अंगाला घर शोधणाऱ्यांची यादी बहुतेक वेळा या दोन नावांवर येऊन थांबते. दोन्ही भाग एकमेकांना लागून आहेत आणि वडाळा-पाथर्डी रस्ता दोघांना जोडतो. दुचाकीवर निघालात तर एक कुठे संपला आणि दुसरा कुठे सुरू झाला, हे पाटी पाहिल्याशिवाय कळत नाही. राहायला गेल्यावर मात्र फरक रोज जाणवतो.

त्याच पैशात इंदिरानगरला पंचवीस-तीस वर्षांच्या इमारतीतला फ्लॅट मिळतो आणि पाथर्डी फाट्याला लिफ्ट, पार्किंग आणि गेटवर वॉचमन असलेला नवा. माझं मत आधीच सांगते. घरात म्हातारे आई-वडील असतील किंवा मुलं लहान असून नवरा-बायको दोघंही कामाला जात असतील, तर इंदिरानगरला जुनं पण नीट बांधलेलं घर शोधा, वेळ लागला तरी चालेल. नोकरी अंबड एमआयडीसीत असेल किंवा आठवड्यातून एक-दोनदा मुंबईला जावं लागत असेल, तर पाथर्डी फाटा. तोही फाट्यापासून पायी जाता येईल इतक्या अंतरावर, गावाकडे आत आत सरकत जाऊन नव्हे.

इंदिरानगरचं खरं मोल तिथल्या रोजच्या जगण्यात आहे. वस्ती ऐंशी-नव्वदच्या दशकापासून हळूहळू वाढत गेली, त्यामुळे बंगले, रो-हाऊस आणि तीन मजली अपार्टमेंट एकाच गल्लीत दिसतात. झाडं मोठी झाली आहेत. रथचक्र चौकाच्या आसपास भाजी, किराणा, गिरणी, दवाखाना, औषधांचं दुकान, मुलांचे क्लास हे सगळं गाडी न काढता होतं. मोदकेश्वराला संध्याकाळी दर्शनाला गेलेल्या आजी वाटेत दूध घेऊन एकट्या घरी परत येतात. सत्तरीतल्या माणसाला कुणाची वाट न पाहता खाली उतरता येणं किती मोठं आहे, ते घरात तसं माणूस असलेल्यांनाच कळतं. जॉगिंग ट्रॅकवर सकाळी फिरणारी मंडळी वर्षानुवर्षं तीच आहेत. एखादा दोन दिवस दिसला नाही तर घरी फोन जातो.

इंदिरानगरची दुखरी नस म्हणजे बोगदा. उड्डाणपुलाखालून गोविंदनगरकडे जाणारा हा रस्ता संध्याकाळी ऑफिस सुटायच्या वेळी एकदा स्वतः गाडी घेऊन पार करा, मगच घर बघायला जा. दोन्ही बाजूंनी रिक्षा, दुचाक्या, स्कूल व्हॅन एकमेकांसमोर येऊन थांबतात, मधूनच सर्व्हिस रोडवरून येणारी गाडी तोंड घालते आणि पाच मिनिटं कुणालाच हलता येत नाही. पावसाळ्यात तर पुसूच नका. मुलांची शाळा किंवा तुमचं ऑफिस कॉलेज रोड, गंगापूर रोडच्या बाजूला असेल तर ही रोजची गोष्ट धरून चाला. मुंबई नाक्यावरून वळसा घालता येतो, पण तिथे वेगळी गर्दी.

जुना फ्लॅट बघायला जाताना दुपारी नका जाऊ. शक्य असेल तर पावसाळ्यात, दोन-तीन दिवसांच्या झडीनंतर जा. वरच्या मजल्यावरचं घर असेल तर आधी गच्चीवर चढा. तिथलं वॉटरप्रूफिंग, टाकीखालचा स्लॅब, पावसाचं पाणी जिथून उतरतं तो कोपरा बघा. मग खाली येऊन बेडरूमचं छत आणि बाथरूमला लागून असलेली भिंत हाताने चाचपा. नवा रंग दिलेला असला तरी ओल हाताला लागते. सज्जाच्या खालच्या बाजूला गंजलेली सळई उघडी पडलेली दिसली, तर तिथून पुढचं बोलणं इंजिनिअर सोबत घेऊनच करा. तीस वर्षं पूर्ण झालेल्या इमारतीचं स्ट्रक्चरल ऑडिट महापालिका कायद्याप्रमाणे करून घ्यावं लागतं. ते झालं आहे का, हे विचारायला संकोच करू नका. बँकही इमारतीचं वय बघून कर्जाची मुदत कमी करू शकते. मग हप्ता वाढतो आणि स्वस्त वाटलेलं घर तितकंसं स्वस्त राहत नाही.

जिन्याचंही बघा. तीन मजले, लिफ्ट नाही आणि आईचे गुडघे दुखतात. असं असेल तर तिसऱ्या मजल्यावरचा कितीही हवेशीर फ्लॅट असला तरी तो आपला नाही. लिफ्ट नसलेल्या इमारतीत पहिल्या मजल्याला थोडे जास्त पैसे पडले तरी ते द्यावेत. पार्किंगचा प्रश्नही तितकाच जुना आहे. त्या काळी घरटी एक स्कूटर असायची, आता दोन दुचाक्या आणि एक कार असते. कार गल्लीत लावावी लागणार असेल, तर रात्री दहानंतर त्या गल्लीत एक चक्कर मारा.

कागदांच्या बाबतीत नाशिकची एक खास भानगड आहे, कपाटांची. भिंतीतल्या कपाटांची जागा एफएसआयमध्ये, म्हणजे प्लॉटवर किती बांधकाम करता येईल त्या मर्यादेत, धरली जात नव्हती. अनेक बिल्डरांनी ती खोलीतच मिळवून टाकली, महापालिकेने हरकत घेतली आणि २०१५ च्या आगेमागे शहरातल्या असंख्य इमारतींचे पूर्णत्वाचे दाखले, म्हणजे बांधकाम मंजुरीप्रमाणे पूर्ण झाल्याचे महापालिकेचे कागद, अडकले. डिसेंबर २०२० मध्ये आलेल्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंतर पुष्कळांना वाट मिळाली, सगळ्यांना नाही. तेव्हा त्या काळातली इमारत असेल, मग ती कुठल्याही बाजूची असो, पूर्णत्वाचा दाखला डोळ्यांनी बघितल्याशिवाय पुढे जाऊ नका. ‘सगळे राहतायत ना, काही होत नाही’ हे उत्तर मान्य करू नका. राहता येतं, पण विकताना आणि कर्ज काढताना गाडं अडतं.

इंदिरानगरच्या जुन्या इमारतींत सोसायटीपेक्षा ‘अपार्टमेंट’ जास्त भेटतील, म्हणजे १९७० च्या महाराष्ट्र अपार्टमेंट मालकी कायद्याखाली घोषणापत्र केलेल्या. यात जमिनीतला तुमचा अविभक्त, म्हणजे सगळ्यांसोबत सामाईक असलेला हिस्सा अपार्टमेंट डीडमध्ये, म्हणजे मालकीच्या दस्तात लिहिलेला असतो. विकणाऱ्याच्या नावाचं डीड झालं आहे का, की नुसत्या करारनाम्यावरच घर दोन हातांतून फिरलं आहे, हे वकिलाकडून तपासून घ्या. उद्या इमारत पाडून नवी बांधायची वेळ आली, तर हाच हिस्सा कामाला येतो. जुन्या घराकडे बघताना मी तरी या गोष्टीला सगळ्यात जास्त वजन देते, कारण तीस वर्षांच्या भिंतींपेक्षा खालची जमीन जास्त टिकणार आहे.

आता पाथर्डी फाटा.

इथलं घर पहिल्या भेटीत आवडतं. खोल्या मोकळ्या, दोन टॉयलेट, कव्हर्ड पार्किंग, लिफ्टला बॅकअप, आणि बाल्कनीतून पांडवलेणीचा डोंगर. सकाळी फाळके स्मारकापर्यंत चालत जाऊन परत येता येतं. पावसाळ्यात लेण्यांच्या डोंगरावर ढग उतरतात तेव्हा आपण शहरात राहतो हे विसरायला होतं. अंबडच्या कारखान्यात पहिल्या पाळीला जाणाऱ्याला दहा-पंधरा मिनिटं जास्त झोपायला मिळतात. मुंबईकडे निघालात की शहरातला एकही सिग्नल न लागता थेट हायवे. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा ५ जून २०२५ ला खुला झाला, तेव्हापासून कसारा घाटाला पर्याय मिळाला आहे. नाशिकच्या या टोकाला राहणाऱ्यांना त्याचा फायदा सगळ्यात आधी होतो.

अडचण अशी की इमारत आधी उभी राहते आणि बाकीचं मागून येतं. चकचकीत गेट, आत पेव्हर ब्लॉक, आणि गेटबाहेर दोनशे मीटर मुरुमाचा रस्ता. बिल्डरचा माणूस नकाशावर बोट ठेवून सांगतो की हा अठरा मीटरचा डीपी रोड, म्हणजे शहर विकास आराखड्यातला रस्ता आहे. नकाशावर तो असतोच. पण मध्ये कुणाच्या शेताचा बांध आहे आणि त्याचं भूसंपादन झालं आहे का, हे शरणपूर रोडवरच्या राजीव गांधी भवनात नगररचना विभागात जाऊन विचारावं लागतं. तिथूनच झोन दाखलाही घ्या. शेजारचा मोकळा प्लॉट ग्रीन बेल्टमध्ये (शेतीसाठी) आहे की येलो बेल्टमध्ये (राहण्यासाठी), यावर तुमच्या खिडकीसमोर पुढे द्राक्षबाग राहणार की सात मजली भिंत, हे ठरतं.

पाण्याबद्दल विक्री कार्यालयात विचारू नका, आधीपासून राहणाऱ्या बाईला विचारा. मुकणे धरणाचं पाणी शुद्ध करणारं महापालिकेचं केंद्र विल्होळीला, म्हणजे अगदी जवळ आहे. पण केंद्र जवळ असलं म्हणून नळ येतोच असं नाही. इमारतीच्या नावावर महापालिकेचा मीटर बसला आहे की बोअर आणि टँकरवर भागतं, हे एप्रिल-मे महिन्यात गेटवर उभं राहिलं की दिसतं. टँकरचा जाडा पाइप अंडरग्राउंड टाकीत सोडलेला, सेक्रेटरी वहीत फेरी लिहून घेतायत, आणि त्या फेऱ्यांचे पैसे महिन्याच्या मेंटेनन्समध्ये. एखाद्या रहिवाशाकडून मागच्या उन्हाळ्याची मेंटेनन्सची पावती मागून बघा, सगळा उलगडा होतो.

पाथर्डी गावाच्या बाजूला, गौळाणे रस्त्याकडे घर बघत असाल तर महापालिकेचा खत प्रकल्प विसरू नका. सगळ्या शहराचा कचरा तिथे जातो. वारा त्या बाजूने असला की वास येतो. पावसाळ्यातल्या दमट संध्याकाळी जास्त येतो. रविवारी सकाळी साइट बघणाऱ्याला तो कळणारही नाही. म्हणूनच मी फाट्याजवळ घ्या म्हणते. शिवाय वडनेर, विहितगावमार्गे नाशिकरोडला जाणारा रस्ता अंतराने सोयीचा असला तरी रात्री सुनसान असतो आणि त्या पट्ट्यात बिबट्याचा वावर आहे. २०२५ च्या पावसाळ्यात वडनेर दुमाल्यात एका लहान मुलाचा जीव गेला. घरातलं कुणी रात्रीच्या गाडीने नाशिकरोड स्टेशनवर उतरणार असेल, तर वडाळा, डीजीपीनगरमार्गे येणारा रस्ता धरून अंतर मोजा. त्या हिशोबाने इंदिरानगर जवळ पडतं.

पैशांचा हिशोब बहुतेक जण फ्लॅटच्या किमतीशीच थांबवतात. सोपं म्हणून ५० लाखांचं घर धरू. महापालिका हद्दीत मुद्रांक शुल्क ६ टक्के, म्हणजे ३ लाख. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं तर १ टक्का सवलत, म्हणजे ५० हजार वाचतात. नोंदणी फी १ टक्का, पण ३० हजारांच्या वर नाही. एवढं दोन्हीकडे सारखंच. फरक पडतो जीएसटीने. बांधकाम चालू असलेल्या घरावर ५ टक्के, म्हणजे आणखी अडीच लाख. पूर्णत्वाचा दाखला मिळालेल्या किंवा जुन्या घरावर काहीच नाही. किंमत ४५ लाखांच्या आत आणि कार्पेट, म्हणजे घरातली प्रत्यक्ष वापरायची जागा, ९० चौरस मीटरपर्यंत असेल तर चालू बांधकामावर १ टक्काच लागतो, त्यामुळे पाथर्डी फाट्याला ४४ आणि ४६ लाखांत फरक फक्त दोन लाखांचा राहत नाही. नव्या घरात मीटरचे, लीगलचे, वन टाइम मेंटेनन्सचे पैसे वेगळे सांगतात, ते पहिल्याच दिवशी लिहून घ्या. जुन्या घरात वायरिंग, नळ आणि किचन ओटा नव्याने करायचा खर्च येतोच, तो आधीच बाजूला काढून ठेवा. तुलना करताना दोन्हीकडे कार्पेटच विचारा. जिना-पॅसेजचा वाटा धरून सुपर बिल्टअपचे आकडे बोलणारा भेटला, तर गृहप्रकल्पांवर देखरेख करणाऱ्या महारेराच्या वेबसाइटवर त्या प्रकल्पाचा नोंदणी क्रमांक टाकून बघा. कार्पेट तिथे दिलेलं असतं.

‘इथून मेट्रो जाणार आहे’, ‘सिंहस्थानंतर भाव दुप्पट’ ही दोन वाक्यं दोन्हीकडे ऐकायला मिळतील. मेट्रो निओ या टायरवर धावणाऱ्या मेट्रोच्या योजनेला २०२१ च्या केंद्रीय अर्थसंकल्पात २०९२ कोटी जाहीर झाले होते, अजून एक खांब उभा नाही. २०२७ च्या सिंहस्थाचा मुख्य पसारा रामकुंड, तपोवन, पंचवटीकडे असतो. रस्ते सुधारले तर आनंदच आहे, पण त्या भरवशावर आज दहा टक्के जास्त मोजू नका. राहायला घर घेताय ना, मग आज जे आहे त्याचेच पैसे द्या.

ज्यांचं मन दोन्हीकडे ओढतं, त्यांनी वडाळा-पाथर्डी रस्त्यावरचा मधला पट्टा, वासननगर, प्रशांतनगरकडचा भाग एकदा जरूर बघावा. तिथे दहा-पंधरा वर्षांच्या, लिफ्ट असलेल्या इमारती मिळतात. दुकानं आता बऱ्यापैकी झाली आहेत आणि इंदिरानगरचा बाजार हाताशी आहे. फक्त फ्लॅट रस्त्याला लागून नको. त्या रस्त्यावर दिवसभर वाहनं धावतात, हॉलची खिडकी उघडी ठेवता येत नाही.

घर पसंत पडलं की समोरचा टोकनची घाई करतो, ‘संध्याकाळी दुसरी पार्टी येतेय’ म्हणतो. येऊ द्या. नवं घर असेल तर नोंदणीकृत करारनामा होण्याआधी बिल्डरला किमतीच्या १० टक्क्यांपेक्षा जास्त रक्कम घेता येत नाही, हे रेरा कायद्यातच आहे. जुनं असेल तर विसार पावती, म्हणजे आगाऊ रकमेचा लेखी कागद करा. त्यात कर्ज नामंजूर झालं किंवा कागदांत दोष निघाला तर विसार परत मिळेल, ही ओळ लिहून घ्या आणि पैसे चेकनेच द्या.